निंबोळ्या, वावळ्याच्या चकत्या, सुबाभळीच्या शेंगा: अंगणातला बियांचा पसारा कसा आवरायचा

पाडव्याला आपण कडुनिंबाचा फुलोरा गूळ-ओव्याबरोबर वाटून खातो. त्याच फुलोऱ्याच्या निंबोळ्या जूनमध्ये अंगणभर पडायला लागतात. बडोद्यात पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात धरतो आणि निंबोळ्यांचा सडाही नेमका तेव्हाच पडतो. एप्रिल-मेच्या लूबरोबर वावळ्याच्या झाडाच्या बियांच्या चकत्या गच्चीवर उडून आलेल्या असतात. कुंपणाशी उगवलेल्या सुबाभळीच्या शेंगा तपकिरी होऊन तडकत असतात. मग घरात एकच वाक्य ऐकू येतं: "हे झाडच काढून टाकू या."

झाड काढायची गरज बहुतेक वेळा नसते. बी कधी पिकते, जमिनीवर किती दिवस जिवंत राहते आणि कशामुळे उगवते, या तीन गोष्टी झाडागणिक वेगळ्या असतात. त्या कळल्या की वर्षातले पंधरा-वीस दिवस नेमून काम करता येतं आणि बाकीचे दिवस झाडाची सावली सुखाने घेता येते. त्या माहीत नसल्या की माणूस निंबोळीशी उगाच वर्षभर झगडतो आणि ज्या सुबाभळीशी खरंच झगडायला हवं तिला सोडून देतो.

एखाद्या वर्षी एवढ्या बिया का?

फळ धरणं झाडाला महागात पडतं. पानांनी वर्षभर साठवलेली साखर बियांतल्या तेलात आणि पिठात जाते. त्यामुळे एका वर्षी झाडाने भरभरून फळ दिलं, तर पुढच्या वर्षी बहुधा हात आखडतो. आंब्याच्या बाबतीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे साठा संपणं एवढंच कारण नसतं. वाढत्या कोयीतून निघणारी संप्रेरकं पुढच्या हंगामाचा मोहोर फुटायला अडथळा करतात. कडुनिंबाचं चक्र आंब्याइतकं ठरीव नसलं, तरी जास्त-कमी वर्षं त्यालाही असतात.

दुसरं कारण हवामान. कडुनिंबाच्या एका तुऱ्यात दीडशे-दोनशे फुलं असतात आणि त्यातली बहुतेक फळ न धरताच गळतात. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस किंवा वादळ झालं तर गळ आणखी वाढते. त्या महिन्यांत कोरडी, शांत हवा राहिली आणि मधमाश्या भरपूर फिरल्या, तर जूनमध्ये खराटा जास्त चालवावा लागणार हे समजून घ्यावं.

तिसरं कारण काळजीचं आहे, त्याकडे शेवटी येऊ.

कडुनिंब: पसारा मोठा, धोका छोटा

पूर्ण वाढलेलं झाड वर्षाला साधारण ३० ते ५० किलो निंबोळ्या देतं. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण ही बी अल्पायुषी आहे. ओलसर गरात पडून राहिलेली निंबोळी एक ते तीन आठवड्यांत उगवते, नाहीतर काही आठवड्यांत मरते. ती मातीत दबा धरून वर्षानुवर्षं बसत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कुंड्यांत आणि फरशीच्या फटींत आलेली रोपं एकदा उपटली की त्या वर्षाचं काम संपलं. दोन-चार पानांवर असताना, पाऊस पडून गेल्यावर, बुडाशी धरून सरळ वर ओढा. सोटमूळ अख्खं येतं. दसऱ्यापर्यंत थांबलात तर खुरपं लागेल.

खरा त्रास गराचा. पिकल्या निंबोळीचा गर गोड आणि चिकट असतो. पायाखाली चिरडला की फरशीला धरतो, त्यावर माश्या घोंघावतात, दुसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो आणि वर पावसाची सर आली की ती जागा बर्फासारखी निसरडी होते. घरात वयस्क माणसं असतील तर हाच सर्वांत मोठा धोका समजा. म्हणून सकाळी स्कूटर बाहेर काढण्याच्या आधी कोरडंच झाडून घ्यायचं आणि संध्याकाळी पुन्हा एकदा. आधी पाणी मारू नका. पाण्याने गर पसरतो आणि बिया मोरीत जाऊन बसतात. चिकटून बसलेला गर काढायला ओलं गोणपाट दहा मिनिटं त्यावर टाकून ठेवा, मग जुन्या उलथण्याने खरवडा. आपल्याकडे ओट्यांना आणि अंगणाला बऱ्याच ठिकाणी कोटा फरशी असते. ती चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे संडास धुवायचं ॲसिड तिच्यावर कधीही ओतू नये. डाग जाईल, पण त्याबरोबर दगडाची झिलईही जाईल, आणि खरबरीत झालेली फरशी पुढच्या वर्षी गर जास्तच धरून ठेवेल.

झाडून कंबर मोडत असेल तर झोळी बांधा. नर्सरीत मिळणारी ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट किंवा जुन्या नायलॉनच्या दोन साड्या जोडून शिवलेलं कापड, साधारण ३ बाय ५ मीटर, चार टोकांना गुडघ्याएवढ्या उंचीवर ताणायचं. एक कोपरा वीतभर खाली ठेवायचा आणि त्याखाली बादली. सुती कापड नको, ते भिजून लोंबतं. जमिनीवर सपाट पसरलेलं कापडही नको, त्याखाली ओल धरते आणि निंबोळ्या पायाखाली येतातच. झोळी रोज रिकामी करा. दोन दिवस राहिली की गर आंबतो आणि वजनाने दोरी सुटते.

जमवलेल्या निंबोळ्या फेकण्यासारख्या नाहीत. ५० किलो फळांतून साधारण ३० किलो बी निघते आणि त्यातून घाण्यावर ६ किलोच्या आसपास तेल. भरूचच्या जीएनएफसी या खत कंपनीने २०१५ पासून गावोगावच्या बायकांकडून निंबोळी गोळा करून घ्यायचं मोठं काम उभं केलं, ते याच हिशेबावर. घरापुरता हिशेब असा: तीन किलो फळं रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी हातमोजे घालून गोणपाटावर चोळा म्हणजे साल-गर सुटतो. दोन पाण्यांतून धुवा आणि तरंगणाऱ्या पोकळ बिया काढून टाका. उरलेल्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी, चार-पाच दिवस पसरा. इथे दोन चुका हमखास होतात. एक, लवकर वाळाव्यात म्हणून कडक उन्हात टाकणं. त्याने किडींवर काम करणारं अझाडिरॅक्टिन कमी होतं. दुसरी, अर्धवट वाळलेल्या बिया प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणं. आठवडाभरात बुरशी येते. कापडी किंवा तागाची पिशवी घ्या आणि भिंतीपासून लांब टांगा.

अर्कासाठी लगेच घाई नको. बी साधारण तीन महिने जुनी झाल्यावर आणि आठ महिन्यांच्या आत वापरली तर अर्क चांगला उतरतो. म्हणजे जूनची निंबोळी ऑक्टोबर ते फेब्रुवारी, नेमकी वाल, पापडी, कोबी, मोहरी यांच्यावर मावा येतो त्या दिवसांत. प्रमाण ५ टक्के: एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम मगज, म्हणजे कवच फोडून काढलेला बीचा आतला भाग. मगज जाडसर कुटायचा, फडक्यात बांधून रात्रभर त्या पाण्यात बुडवून ठेवायचा, सकाळी पिळायचा, गाळायचा आणि दीड-दोन ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवायचा. साबणाशिवाय अर्क पानावरून ओघळून जातो. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. तेव्हा मधमाश्याही परतलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी किडे मेलेले दिसले नाहीत म्हणून निराश होऊ नका. निंबोळी किडीचं खाणं आणि कात टाकणं थांबवते, त्यामुळे परिणाम दिसायला काही दिवस लागतात. सात ते दहा दिवसांनी पुन्हा मारावं.

एक सूचना कळकळीने: घरी काढलेलं निंबोळीचं तेल किंवा अर्क तान्ह्या मुलांना पोटात कधीही देऊ नये, घरगुती औषध म्हणूनही नाही. लहान बाळांमध्ये त्यातून गंभीर विषबाधा झालेली आहे.

आणि ताज्या निंबोळ्या एखाद्या रोपवाटिकेला द्यायच्या असतील, तर आठवडा-दहा दिवसांत द्या. वनमहोत्सव जुलैत असतो तो पावसाच्या हिशेबाने, पण निंबोळीलाही तोच महिना मानवतो. १९५० मध्ये तो सुरू करणारे तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी हे बडोदा कॉलेजचे विद्यार्थी होते, हे बडोदेकरांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वावळा: गच्चीचा शत्रू

गुजराती शेजारी याला चरेल किंवा कणझो म्हणतात. रुपयाएवढी, कागदासारखी चकती आणि मधोमध एक चपटी बी. मुलं ती सोलून खातात, चव छान लागते. गर नाही, डाग नाही, वास नाही. मग त्रास कसला? पाण्याच्या वाटेचा.

गच्चीच्या कोपऱ्यात पावसाळी पाइपच्या तोंडावर बहुतेक घरांत सपाट जाळी असते. पहिल्या जोरदार पावसात चकत्या पाण्याबरोबर वाहत येतात आणि या जाळीवर ओल्या कागदासारख्या एकावर एक चिकटतात. वीस-पंचवीस चकत्यांत जाळी पूर्ण बंद होते. पाणी चढतं आणि जिन्याच्या दारातून आत येतं किंवा स्लॅबमध्ये मुरतं. लोक म्हणतात पाइप लहान पडला. पाइप पुरेसा असतो, तोंड बंद झालेलं असतं. सपाट जाळीच्या जागी घुमटाकार जाळी बसवा: ११० मिलिमीटरच्या पाइपला बसेल अशी, किमान वीतभर उंच, अर्ध्या इंचाच्या भोकांची. खालची भोकं चकत्यांनी बंद झाली तरी पाणी थोडं चढून वरच्या भोकांतून जातं. तयार मिळाली नाही तर गंज न लागणारी वेल्डेड जाळी गोल वळवून तारेने शिवता येते. तळाशी दोन बोटं जाळी पाइपात उतरली पाहिजे, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात उडून जाईल.

गच्ची मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झाडायची आणि पहिल्या सरीनंतर पुन्हा एकदा. पहिल्या झाडण्यानंतरही झाडावर अडकलेल्या चकत्या येतच असतात.

दोन जागा सगळे विसरतात. एसीच्या बाहेरच्या यंत्राची मागची बाजू आणि कूलरच्या जाळ्या. पंख्याच्या ओढीने चकत्या एसीच्या बारीक पत्र्यांवर चिकटून बसतात, हवा अडते, थंडावा कमी होतो आणि वीज जास्त जळते. मुख्य स्विच बंद करून मऊ ब्रशने पत्र्यांच्या दिशेने, वरून खाली, झाडून काढा. आडवं घासलं तर पत्रे वाकतात.

वावळ्याची रोपं पहिल्या पावसात झुपक्याने येतात. जुलैत हाताने निघतात. पेन्सिलएवढी जाड झाली की कापूनही पुन्हा फुटतात, तेव्हा मुळासकट खणावी लागतात.

सुबाभूळ: इथे मात्र ढिलाई नको

१९७०-८० च्या दशकांत चारा आणि सरपण म्हणून ही देशभर लावली गेली. झपाट्याने वाढते, गुरं पाला खातात, जमिनीत नत्र धरते, सगळं खरं. पण जगातल्या सर्वांत त्रासदायक शंभर परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे आणि त्याचं कारण तिची बी. रोप वर्षाच्या आत फुलू शकतं, परागासाठी त्याला दुसऱ्या झाडाची गरज नाही. एका शेंगेत साधारण १५ ते २५ बिया आणि फुलोऱ्याच्या एका गोंड्यातून शेंगांचा घोसच्या घोस लोंबतो. बीचं कवच इतकं कठीण आणि मेणचट असतं की पाणी आत शिरत नाही. ती मातीत वर्षानुवर्षं, दहा वर्षांच्या पुढेही, जिवंत पडून राहते आणि दरवर्षी त्यातल्या थोड्या थोड्या उगवतात. निंबोळीचं कर्ज त्याच पावसाळ्यात फिटतं, सुबाभळीचं वर्षानुवर्षं फेडावं लागतं.

म्हणून शेंग तपकिरी व्हायच्या आधी उतरवायची. हिरवी, चपटी, आत बी नुसती फुगायला लागलेली, अशा वेळी आकडीने घोसच्या घोस ओढून घ्या. तपकिरी शेंगा उतरवायच्याच असतील तर सकाळी दव असताना. दुपारच्या उन्हात त्या हात लागताच तडकतात आणि बिया विखुरतात.

आता चुकीचे उपाय, कारण इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. शेंगा घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका. मोठा ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो, घरचं पिंप तेवढं तापत नाही. बिया जशाच्या तशा राहतात आणि खताबरोबर प्रत्येक कुंडीत पोचतात. जमिनीवर गरम पाणी ओतू नका. रोपवाटिकेत सुबाभूळ उगवावी म्हणून बी ८० अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवतात, म्हणजे ते पाणी ओतून तुम्ही तिला जागं करत असता. पाला पेटवला तरी तेच: वरच्या बिया जळतात, खालच्यांची कवचं तडकून त्या पावसात उगवतात. आणि वाळलेल्या शेंगा बकऱ्यांना घालू नका, अख्ख्या बिया लेंड्यांतून दूर पसरतात. पाला घालायला हरकत नाही, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. त्यातल्या मिमोसिन या विषारी द्रव्याने जनावरांचे केस गळतात. बिया मारायच्याच असतील तर थोड्या असताना जुन्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटं खळखळून उकळा. जास्त असतील तर पोत्याचं तोंड बांधून कचरागाडीत द्या.

मातीत आधीच पडलेल्या बियांसाठी एक शेतकरी युक्ती चालते. मे अखेरीस ती जागा आठ-दहा दिवस भिजवायची, वर आलेली रोपं दोन पानांवर असताना खुरप्याने वरच्यावर कापायची. खोल खणायचं नाही. खणलं की तळाची जुनी बी वर येते. हे दरवर्षी एकदा, तीन-चार वर्षं केलं की रोपांची संख्या डोळ्यांना कळेल इतकी घटते. झाड कापलं तर बुंध्यातून फुटवे येणारच. दर दोन-तीन आठवड्यांनी ते कोवळे असतानाच मोडत राहिलात तर वर्ष-दीड वर्षात बुंधा थकतो.

आसोपालव, आणि भिंतीतला पिंपळ

आसोपालवाची फळं पावसाळ्यात काळी होतात, रात्री वाघळं गर खाऊन बी टाकतात. ही बी वाळली की मरते. ती झाडून गच्चीच्या कोरड्या, तापलेल्या कोपऱ्यात आठवडाभर पसरली की पुरे. वाघळांना अडवायला झाडावर नायलॉनचं जाळं टाकू नका, ती त्यात अडकून तडफडून मरतात.

पिंपळ-वडाची बी खसखशीएवढी. बुलबुल आणि साळुंक्या ती भिंतीच्या भेगेत सोडतात. दोन-तीन पानांचं रोप ओल्या भिंतीतून चिमटीने निघतं. आपल्याकडे पिंपळ उपटायला मन धजत नाही, तेव्हा अख्ख्या मुळासकट काढून कुंडीत लावा आणि मोकळी जमीन असलेल्या कुणाला तरी द्या. नुसतं वरून कापत राहणं सर्वांत वाईट, कारण मूळ आत जाड होत जातं आणि वीट सरकते. खोड लाकडी झालं असेल तर आजूबाजूच्या विटांच्या सांध्यांतलं भरण छिन्नीने काढून बुडखा बाहेर काढावा लागतो. बडोद्यातल्या रावपुरा, दांडिया बाजाराकडच्या जुन्या चुन्याच्या बांधकामात ती भेग चुन्यानेच भरा. सिमेंट ओल आत कोंडतं आणि शेजारची वीट भुसभुशीत करतं.

छाटणी आणि थकलेलं झाड

बिया कमी करायला झाडाचा शेंडा उडवणं हा सर्वांत जास्त केला जाणारा आणि सर्वांत महागात पडणारा उपाय. त्या वर्षी फळ येत नाही, पण कापलेल्या जागी झाडूसारखे फुटवे येतात, बुडाशी कच्चे जोडलेले, आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्यावरच फुलोरा येतो. वाऱ्यात तेच तुटतात. त्याऐवजी ओटा, पत्रा आणि गाडीची जागा यांच्यावर आलेल्या फांद्याच, त्या जिथून फुटल्या तिथपासून काढा, एका वर्षात पर्णभाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. जाड फांदीला तीन काप: खोडापासून हातभर अंतरावर खालून पाव जाडीपर्यंत, त्याच्या थोडं पुढे वरून आरपार, आणि उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर वळीच्या बाहेरून. पहिला खालचा काप चुकवला तर पडणारी फांदी खोडाची साल सोलत खाली नेते. जखमेला डांबर किंवा रंग लावायचा नाही.

वेळ डिसेंबरची. नवी पालवी आणि फुलोरा यायच्या आधी, आणि पक्ष्यांची घरटी नसताना. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पतंगांनंतर फांद्यांत मांजा गुंतलेला असतो, चढणाऱ्याची बोटं आणि गळा कापतो, म्हणून १४ जानेवारीच्या आधी काम उरकणं बरं. मोठी फांदी किंवा झाड उतरवायचं असेल तर महानगरपालिकेच्या बाग विभागाकडे आधी अर्ज करा, झाड आपल्या आवारात असलं तरीही.

आता ते काळजीचं कारण. मुळं तुटलेलं किंवा कोंडलेलं झाड कधी कधी एकदम भरमसाट फळ धरतं. नुसत्या जास्त बिया दिसल्या तर घाबरू नका. बिया जास्त, पण पानं बारीक आणि विरळ, शेंड्याच्या फांद्या वाळलेल्या, असं एकत्र दिसलं तर बुंध्याशी बसून बघा. गेल्या दोन-तीन वर्षांत तिथे गटाराची लाइन खणली का? फरशी खोडाला भिडली आहे का? असेल तर खोडाभोवती किमान एक मीटर फरशी काढा, माती बोटभर भुसभुशीत करा आणि उन्हाळ्यात दर दहा-पंधरा दिवसांनी, खोडाशी नाही तर फांद्यांच्या टोकांखाली, बारीक धारेने शंभर-दीडशे लिटर पाणी मुरवा. बुंध्याला कडक, कानाच्या आकाराची तपकिरी अळिंबी आली असेल, तर मुळं आतून कुजलेली असू शकतात. जाणकाराला मेमध्येच दाखवा. असं झाड जूनच्या पहिल्या वादळात मुळासकट आडवं होऊ शकतं, तोवर त्याखाली गाडी लावू नका आणि मुलांना खेळू देऊ नका.